कोरड्या हवेचा गंज

मे महिन्यातली दुपार, एरंडवण्यातली गल्ली आणि गुलमोहराखाली लावलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी. बॉनेट आणि पुढची काच यांच्या मधल्या खोबणीत पाकळ्यांचा लाल थर साचलेला. येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात, आणि दिसतंही छान. गाडीच्या मुळावर आलेली गोष्ट इतकी देखणी क्वचितच असते.

पुणेकर जुनी गाडी विकायला काढतो तेव्हा एक वाक्य ठरलेलं: ‘पुण्याची गाडी आहे, गंज नाही.’ ते खोटं असतं असं नाही, अपुरं असतं. पुणं समुद्रापासून लांब, ५६० मीटर उंचीवर आणि सह्याद्रीच्या आड. मुंबईच्या हवेतलं मीठ इथवर येत नाही. मिठाचा उपद्रव असा की ते हवेतला ओलावा स्वतः ओढून घेतं. आकाश निरभ्र असलं तरी मीठ बसलेला पत्रा सूक्ष्म पातळीवर ओलाच असतो, म्हणून वरळीतल्या फियाटचं मडगार्ड जानेवारीतही गंजत राहतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली येते. लोखंड गंजायला साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. म्हणजे उन्हाळाभर गंजाला सुट्टीच.

यावर विसंबून मुंबईची गाडी स्वस्तात घेऊन पुण्यात आणणारेही आहेत. गंज मंदावतो, हे खरं. पण पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत बसलेले क्षार तसेच राहतात. वरून घासून रंग मारला की दिवाळीत गाडी चकाचक, आणि पुढच्या जुलैत त्याच जागी फोड. खड्डे तळापर्यंत मोकळे करून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय ते मीठ निघत नाही. एवढा धीर रंगवणाऱ्याकडे नसतो आणि मालकाकडे तर नसतोच.

आता अपुरं काय ते. हवेने होणाऱ्या गंजाचा अभ्यास करणारे नुसता पाऊस किती मिलिमीटर पडला हे विचारत नाहीत. पृष्ठभाग किती तास ओला राहिला, हे विचारतात. हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असली की तो तास ओला धरायचा. पुण्याचा वर्षाचा पाऊस ७००-७५० मिलिमीटर, मुंबईचा २,००० च्या वर. आकडे ऐकून बरं वाटतं. पण पुण्याचा जुलै-ऑगस्ट म्हणजे दिवसदिवस चालणारी भुरभुर. धो धो पाऊस पडून ऊन आलं तर गाडी वाळते; भुरभुरीत ती वाळतच नाही. शहरातही सगळीकडे सारखं नाही. बावधनकडे डोंगरालगत जेवढी ओल, तेवढी हडपसरला नसते. आणि हौसेची जीप लोणावळ्याच्या बंगल्यात पावसाळाभर ठेवणाऱ्याला तर काय म्हणावं! तिथे धुकंच गाडीच्या आत येऊन बसतं.

पुण्याचा खास गंज मात्र उन्हाळ्यात सुरू होतो, लोखंडाला हातही न लावता. चाळीस अंशांच्या उन्हात आणि त्या कोरड्या हवेत काचेभोवतीचं रबर आक्रसतं. कोपऱ्यांत आधी. रबरावर नख दाबून पाहावं: खूण लगेच भरून आली तर ठीक, तशीच राहिली किंवा बारीक भेगा दिसल्या तर त्याचं आयुष्य संपलं. मग येतो वळवाचा पाऊस. पाणी रबराखालून डॅशबोर्डच्या मागे आणि तिथून पायाखाली उतरतं. वर रबरी मॅट, खाली नमदा, म्हणजे लोकरीसारखा जाड थर. नमदा पाणी धरून ठेवतो, मॅट ते उडू देत नाही, आणि बाहेरून चकचकीत असलेल्या गाडीची फरशी आतून कुजते. पुण्याची गाडी अशी वरून नव्हे, आतून जाते. कोरड्या हवेची फुशारकी मारावी तर तीच हवा पाण्याला दार उघडून देते.

पाकळ्यांचं काम याच सुमाराला चालू होतं. खोबणीतून, काचेखालच्या जाळीतून आणि दारांतून पाणी बाहेर जायला भोकं दिलेली असतात. गुलमोहराच्या पाकळ्या, कडुनिंबाची पानं आणि धूळ यांचा चिखल त्यात बसला की झाली डबकी. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन फटी असतात. त्या खराट्याच्या काडीने मोकळ्या कराव्यात. सायकलच्या तारेने नको, रंग खरवडला जातो आणि आपणच गंजाला जागा करून देतो. जाळी असेल तर तिच्यात लिटरभर पाणी ओतून ते कुठून पडतं ते पाहावं. पुढच्या चाकामागे पडलं तर छान. कुठूनच पडलं नाही, तर ते गाडीत आहे.

रबर बदलायचं तर पद्मिनीचं, अॅम्बेसेडरचं नाना पेठेत शोधल्यावर मिळतं. जुनंच टिकवायचं तर सिलिकॉन ग्रीस लावावं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला फुगवतं. गळती थांबवायला हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त सिलिकॉनची नळी भरायचा मोह होतो. उघडल्यावर तिला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर गाडीपासून लांब ठेवावी. सुकताना तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला तेच खातं. गळती बंद आणि गंज चालू, असा सौदा.

याहून वाईट खोड म्हणजे रेड ऑक्साईड, म्हणजे रंगाआधीचा लाल प्रायमर, मारून गाडी पावसाळाभर ठेवून देणं. ‘ऑक्साईड मारलंय, आता काही होत नाही,’ हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळेल. ऑक्साईडचा थर सच्छिद्र असतो. वरून रंग नसेल तर पाणी त्यातून जातं आणि लाल रंगाखाली लाल गंज दिसतही नाही. लांबीचंही, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचंही, तसंच. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून जाड भरली की चिरते. ती पाणीही पिते. श्रावणात वॉटर पेपरने लांबी घासली आणि ती वाळायच्या आत प्रायमर मारला, की ओल कायमची आत बंद. रंगकाम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं. ‘गणपतीच्या आधी देतो’ म्हणणाऱ्या पेंटरला नमस्कार करून घरी यावं.

फरशी कुजलीच असेल तर तिच्यावर नवा पत्रा नुसता चढवू नये. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी आपसूक ओढलं जातं आणि खालचा गंज नव्यालाही धरतो. वाजवल्यावर खणखणीत आवाज येईल तिथपर्यंत सडका भाग कापायचा, २० गेजचा म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा मापाने कापून कडेला कड लावून बसवायचा, आणि वेल्डिंग सलग न ओढता टिपके देत, जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत करायचं. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वाकडा होतो. मग झिंक प्रायमर, सांध्यात सीलर, वर रंग, आणि सगळ्यात शेवटी पोकळ भागांत मेण. पत्र्याऐवजी फायबरग्लास मारून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं काम बिल देईपर्यंत टिकतं.

प्लास्टिकचं कव्हर घालू नये, मातीवर किंवा हिरवळीवर गाडी लावू नये, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे तेच करतात. आणि काशिद-दिवेआगरच्या वाळूत जुनी गाडी पळवून रीळ करणाऱ्यांना पुण्याच्या हवेचा काही उपयोग नाही. जायचंच असेल तर परतल्याच दिवशी चाकांच्या कमानी आणि पोट गोड्या पाण्याने धुवावं. बोअरच्या नव्हे, त्यातही क्षार असतात.

निव्वळ पत्र्यासाठी गाडी शोधायची तर खरं म्हणजे पुण्याच्या पूर्वेला जावं, सोलापूरकडे. तिथे रबर, सीटची कव्हरं, डॅशबोर्ड यांतलं काही शिल्लक नसेल, पण ते विकत मिळतं. पुण्यातच घ्यायची तर खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि खाली आडवं पडायला एक गोणपाट न्यावं. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. नंतर मॅट उचलून नमद्याखाली बोट घालावं. हे सगळं ऑगस्टात, झड लागलेली असताना करावं. विकणारा म्हणेल, आत्ता पावसात कशाला, दिवाळीनंतर या, धुऊनपुसून ठेवतो. त्याला म्हणावं, छत्री आणली आहे.