दहा टक्के सवलत आणि ‘मुख्य चालक’ कोण?

न्यूयॉर्क राज्यात डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे अपघात टळेल अशा सावधपणे गाडी चालवण्याचा, मान्यताप्राप्त कोर्स केला की गाडीच्या विम्यात १० टक्के सवलत मिळते, आणि ती ३ वर्षं चालू राहते. ती विमा कंपनीच्या मर्जीवर नाही, राज्याच्या नियमाने द्यावीच लागते. हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. २०२५च्या संक्रांतीला हळदीकुंकवाला मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं. त्यांनी स्वतः तो तीनदा केलाय. घरी आले आणि त्याच रात्री पैसे भरले.

कोर्स ३२० मिनिटांचा. मी ऑनलाइन केला, मुलं शाळेत गेली की रोज थोडा थोडा, चार दिवसांत. खरं सांगते, कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण एक गोष्ट अंगवळणीच पडली. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजायचं. मोजून व्हायच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो, तर आपण फार जवळून चाललोय. पाऊस किंवा बर्फ असेल तर तीन-चार सेकंदांचं अंतर. मुलीला पोहायला नेताना मी अजूनही मोजते, मराठीतच. आता मागच्या सीटवरून तीही मोजते.

सर्टिफिकेट आलं, ते मी विमा कंपनीच्या साइटवर चढवलं आणि निश्चिंत झाले. अडीच आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर: सवलत लागू होत नाही. का, ते कुठेच नाही.

फोन केला. पन्नास मिनिटं तेच ते संगीत ऐकल्यावर कळलं की नाव जुळत नाही. आपल्याकडच्या बायकांना हे पाठच असेल. पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव, तेच लायसन्सवर आलं, कोर्सला लायसन्सप्रमाणे नाव दिलं म्हणून सर्टिफिकेटवरही आलं. पॉलिसीवर मात्र नुसतं माझं नाव आणि आडनाव. लायसन्सची प्रत पाठवली. दहा दिवस गेले. पुन्हा तीच ओळ, सवलत लागू होत नाही.

दुसऱ्या फोनला खरं कारण बाहेर आलं. ही सवलत गाडीच्या मुख्य चालकालाच, म्हणजे ती गाडी सगळ्यात जास्त चालवणाऱ्यालाच मिळते, आणि कागदोपत्री आमच्या गाडीचा मुख्य चालक माझा नवरा! पाच वर्षांपूर्वी पॉलिसी त्याने घेतली तेव्हा माझ्याकडे लायसन्स नव्हतं. पुढे माझं नाव चालक म्हणून घातलं, पण तो रकाना कोणी बदलला नाही. नवरा रोज हिक्सव्हिलहून ट्रेनने मॅनहॅटनला जातो. शाळा, दवाखाना, वाणसामान, पोहण्याचा क्लास, सगळीकडे गाडी मीच नेते. गाडीची किल्ली दिवसभर माझ्या पर्समध्ये असते.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. जो जास्त चालवतो त्याने शिकावं आणि त्यालाच सवलत मिळावी, हे बरोबरच आहे. राग याचा आला की हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. आणि दुरुस्ती करा म्हटलं तर उत्तर मिळालं, पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन करू दे. गाडी कोण चालवतं हे सांगायलासुद्धा मी चालत नाही? तो सहा वाजता ट्रेनमधून उतरायचा तोवर त्यांचा तो विभाग बंद. शेवटी त्याने ऑफिसमधून जेवणाच्या सुट्टीत फोन केला, मला लाइनवर घेतलं, आणि तरीही ‘बघून कळवतो’ म्हणाले. पंधरा दिवस कळवलं नाही.

चौथ्या फोनला मी शांतपणे दोनच गोष्टी मागितल्या. नकाराचं कारण लेखी द्या, आणि तुमच्या वरिष्ठांशी बोलू द्या. नाहीतर मी डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेसकडे तक्रार करते. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं राज्याचं खातं ते, तक्रार ऑनलाइन करता येते. वरिष्ठ बाई पाच मिनिटांत लाइनवर आल्या आणि त्याच फोनवर रकाना बदलून झाला. मला हायसं वाटलं, आणि दोन महिन्यांचा राग एकदम वरही आला.

हे सगळं मी दिवस मोजत करत होते. कोर्स संपल्यापासून ९० दिवसांच्या आत सर्टिफिकेट कंपनीला दिलं, तर सवलत कोर्स संपल्याच्या तारखेपासून धरतात. नंतर दिलं तर दिल्या दिवसापासून. म्हणून पहिल्यांदा अपलोड केल्याच्या पोचपावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. माझ्या कामी तोच आला.

मुख्य चालक बदलण्याआधी हप्ता किती होईल ते विचारून घ्या. माझं लायसन्स नवऱ्याच्या मानाने नवं, त्यामुळे सहा महिन्यांचा हप्ता १९ डॉलरनी वाढला. सवलत ८६ डॉलर मिळाली. एकूण हप्त्याच्या मानाने ती १० टक्क्यांपेक्षा कमी दिसते, कारण सूट लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई), नो-फॉल्ट (चूक कोणाचीही असो, उपचारांचा खर्च) आणि कोलिजन (धडकेत आपल्या गाडीचं नुकसान) एवढ्यांवरच असते. चोरी, काच फुटणं वगैरेचं काँप्रिहेन्सिव्ह त्यात येत नाही. बिल बघून मी आधी तिथेही भांडायच्या बेतात होते.

वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल ज्यांच्या लायसन्सवर दंडाचे पॉइंट आहेत त्यांनाही हा कोर्स उपयोगी आहे. कोर्स पूर्ण होण्याआधीच्या १८ महिन्यांतल्या गुन्ह्यांचे जास्तीत जास्त ४ पॉइंट हिशोबातून कमी धरतात. गुन्हा मात्र रेकॉर्डवरून पुसला जात नाही.

आणि हो, कोर्सला बसायच्या आधी पॉलिसीचं डेक्लरेशन पान (गाडी, चालक आणि हप्ता यांचा तपशील असलेलं पहिलं पान) काढून मुख्य चालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. आमच्या नव्या पानावर आता माझं नाव आहे, आणि या वेळी लायसन्सवर आहे तसं पूर्ण. सवलत आपोआप पुढे चालत नाही, कोर्स पुन्हा करावा लागतो, म्हणून जानेवारी २०२८ची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे.