तक्रारीचा कागद सुनावणीत टिकला पाहिजे

सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूर स्टेशनात लागते आणि बाहेर भाड्याची बोलाचाली सुरू होते. जुळे सोलापूर म्हटलं की एक आकडा, होटगी रोड म्हटलं की दुसरा, बरोबर म्हातारं माणूस आणि चार पिशव्या असतील तर तिसराच. कधी भाडं सरळ नाकारलं जातं, कधी शब्दाला शब्द वाढून शिवीवर येतं. प्रवासी घरी जाऊन आरटीओकडे, म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, तक्रार लिहितो : ‘रिक्षावाला उद्धट बोलला, जादा पैसे घेतले, कडक कारवाई व्हावी.’ राग खरा असतो, पण या कागदावर कुणालाच काही करता येत नाही. गाडी कोणती, चालक कोण, वेळ काय, किती मागितले आणि किती घेतले, यातलं एकही त्यात नसतं.

‘त्याचं लायसन रद्द करा’ ही मागणी तर हमखास असते. रिक्षामागे कागद तीन असतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा असू शकतो. लायसन म्हणजे चालकाचा वाहन चालवण्याचा परवाना. बॅज म्हणजे त्याच चालकाला सार्वजनिक सेवेचं वाहन चालवायला दिलेली परवानगी, क्रमांकासह. आणि परमिट म्हणजे ती गाडी भाड्याने फिरवण्याची मुभा, जी परमिटधारकाच्या नावावर असते. गाडी एकाची, चालवणारा दुसरा, रोजचं भाडं मालकाला, हे नेहमीचंच. नुसत्या गाडीच्या नंबरावर तक्रार गेली की नोटीस परमिटधारकाला जाते. तो येऊन सांगतो, ‘त्या दिवशी गाडी दुसऱ्याकडे होती.’ चालकाची ओळख कागदावर नसेल तर लायसनवरची कारवाई तिथेच अडते. म्हणून बॅज नंबर दिसला तर तो आधी टिपावा. नाही दिसला तर चालकाचं वर्णन लिहावं आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट जोडावा. त्यात नाव, वेळ आणि रक्कम तिन्ही येतात.

गाडीच्या नंबरातही एक चूक फार होते. लोकांना शेवटचे चार अंक लक्षात राहतात. एमएच १३ पुढची दोन अक्षरं, म्हणजे सिरीज, राहून जाते. तेच चार अंक प्रत्येक सिरीजमध्ये पुन्हा येतात, त्यातली एखादी मोटारसायकलही असू शकते. सिरीज चुकली तर नोटीस भलत्याच माणसाच्या दारात जाते, आणि ज्याचा काही दोष नाही त्याचा धंदा एका दिवसासाठी बुडतो. उतरल्यावर मागून पाटीचा फोटो काढणं सगळ्यात सोपं. नंतर परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर तो नंबर टाकून वाहनाचा प्रकार, पासिंग आणि विमा पाहून घ्यावा. रिक्षाच्या जागी दुसरंच वाहन दिसलं तर नंबर चुकला आहे, हे कार्यालयात जाण्याआधीच कळतं.

आता दंडाचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १७८ नुसार परमिटधारकाने किंवा चालकाने भाडं नाकारलं तर तीनचाकीला दंडाची कमाल मर्यादा ५० रुपये आहे. सोलापुरातल्या एका छोट्या फेरीत तेवढे वसूल होतात. ज्याला रोज दहा जणांना नाकारायचंय त्याला या दंडाची भीती कशाला वाटेल? खरा धाक आहे तो निलंबनाचा, आणि त्याची वाट वेगळी आहे.

लायसनसाठी कलम १९ लागतं. सराईत दारुडा किंवा व्यसनी, गाडी दखलपात्र गुन्ह्यात वापरलेला, लायसन खोट्या कागदांवर काढलेला, अशा चालकाला परवाना प्राधिकारी, म्हणजे आरटीओ, अपात्र ठरवू शकतो किंवा लायसन रद्द करू शकतो. प्रवाशाच्या कामाचा भाग पुढे आहे. जनतेला उपद्रव किंवा धोका ठरणारं कृत्य केलं तरी हेच कलम लागतं आणि अशा कृत्यांची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २१ मध्ये दिलेली आहे. प्रवाशाशी असभ्य वागणं, मारहाण, प्रवाशाच्या वस्तूंची चोरी, सार्वजनिक वाहन चालवताना धूम्रपान, कारणाशिवाय जवळचा रस्ता सोडून लांबून नेणं, पहिलं मागितलेलं भाडं अंतर कमी म्हणून नाकारणं, कायदेशीर भाड्यापेक्षा जास्त मागणं, हे सगळं त्यात नाव घेऊन आहे. नियमात शब्द ‘मोटार कॅब’ असा आहे म्हणून हे फक्त टॅक्सीला लागू होतं असं काहीजण म्हणतात. कायद्याच्या व्याख्येत चालक सोडून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारं वाहन मोटार कॅबमध्ये येतं. तीन सीटची रिक्षा त्यात बसते.

‘भाडं आधीच ठरलं होतं, आता तक्रार कसली,’ हा बचावही बऱ्याचदा येतो. शहरातलं भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि आरटीओ सचिव असतात. घासाघीस करून ठरलेला आकडा त्या दरापेक्षा वर असेल तर प्रवाशाने हो म्हटलं म्हणून तो कायदेशीर होत नाही. मात्र सुनावणीत फरक आकड्यात दाखवावा लागतो. कुठून कुठे, किती किलोमीटर, दरपत्रकाप्रमाणे किती, घेतले किती. ‘खूप जास्त घेतले’ या वाक्याला तिथे किंमत नाही.

टिकेल असा मजकूर साधारण असा असतो : ‘दिनांक अमुक, सकाळी ६:५० वाजता, सोलापूर रेल्वे स्टेशनच्या मुख्य दारासमोरून आसरा चौकाला जाण्यासाठी एमएच १३ (सिरीज, चार अंक) या रिक्षाच्या चालकाला विचारले. बॅज नंबर अमुक. त्याने मीटर टाकण्यास नकार देऊन अमुक रुपये मागितले. मी मीटरचा आग्रह धरल्यावर त्याने पुढील शब्द वापरले : … . सोबत माझी पत्नी होती, ती साक्ष देण्यास तयार आहे. पाटीचा फोटो जोडला आहे. सुनावणीस हजर राहण्याची तयारी आहे.’ शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी लिहावी. ‘अर्वाच्य भाषा’ लिहिलं की समोरचा म्हणतो, मी फक्त मोठ्याने बोललो. शेवटच्या वाक्याचं वजन तर सगळ्यात जास्त. तक्रारदार तारखेला आलाच नाही की चालकाचा खुलासा एकटाच फाइलमध्ये उरतो.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक प्रत आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेली तक्रार पुढे शोधता येत नाही. शहर वाहतूक शाखेकडेही तक्रार देता येते. पोलीस ई-चलन करू शकतात आणि निलंबनासाठी आरटीओकडे प्रस्ताव पाठवू शकतात. परमिटवरचा हुकूम मात्र परिवहन प्राधिकरणाकडूनच निघतो. ॲपवरून बुक केलेल्या कॅबबद्दल कंपनीने चालकाची आयडी बंद केली तरी तो कंपनीचा निर्णय झाला. लायसन आणि परमिट जागेवरच असतं, त्यामुळे आरटीओचा अर्ज वेगळा करावाच. ई-रिक्षाला केंद्राने परमिटमधून सूट दिली आहे, म्हणून तिथे जोर लायसनवर द्यावा.

अर्ज गेल्यावर कारणे दाखवा नोटीस निघते, खुलासा येतो, सुनावणी होते आणि मग लेखी हुकूम. बाजू मांडायची संधी न देता अपात्र ठरवता येत नाही. परमिटबाबत कलम ८६ लागतं. परमिटच्या अटी मोडल्या तर ते निलंबित किंवा रद्द होतं. त्याच कलमाच्या पोटकलम ५ मध्ये, प्राधिकरणाला योग्य वाटलं तर परमिटधारकाच्या संमतीने ठरावीक रक्कम घेऊन निलंबन टाळण्याची सोय आहे. असं झालं की तक्रारदाराला वाटतं, आत काहीतरी मिटवामिटवी झाली. रक्कम हुकुमात लिहिलेली असेल आणि पावती असेल तर ती कायद्यातलीच वाट आहे.

चालकभाऊंसाठीही सांगणं गरजेचं आहे, कारण खोट्या किंवा चुकीच्या नंबराच्या तक्रारीत भरडला जातो तो रोजच्या कमाईवर घर चालवणारा माणूस. नोटीस आली की ती खिशात ठेवून देऊ नये. तक्रारीची प्रत मागावी आणि मुदतीत लेखी खुलासा द्यावा. त्या वेळी गाडी पंपावर किंवा गॅरेजात असेल तर पावती जोडावी. गाडी दुसरा चालवत असेल तर त्याचं नाव, बॅज नंबर आणि कोणत्या वेळेपासून दिली ते लिहून द्यावं. परमिटवरचा पत्ता जुना असेल तर नोटीस परत जाते आणि एकतर्फी हुकूम होऊ शकतो. घर बदललं असेल त्यांनी पत्ता आजच बदलून घ्यावा. तीनपेक्षा जास्त माणसं बसत होती म्हणून नकार दिला असेल तर तो नकार रास्त आहे आणि खुलाशात पहिल्या ओळीत यावा. लायसनवर हुकूम झाला तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. परमिटच्या निलंबनाविरुद्ध राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘तेवढी एक फेरी’ फार महागात पडते.

अंगावर हात टाकणं, छेडछाड, लुटणं यांत आरटीओची वाट पाहत बसू नये. ११२ ला फोन करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती नोंदवता येते. अक्कलकोट किंवा तुळजापूरच्या रस्त्यावर काही घडलं तर हे उपयोगी पडतं, कारण अक्कलकोटकडे हद्द बदलते आणि तुळजापूरकडे जिल्हाही बदलतो. स्टेशनच्या आवारातलं असेल तर लोहमार्ग पोलीस आणि १३९. सीसीटीव्हीचं चित्रण काही काळाने पुसलं जातं, म्हणून ते जतन करण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी. एफआयआरची प्रत मिळाली की ती आरटीओच्या अर्जाला जोडावी. कलम १९ ची कारवाई फौजदारी खटल्याच्या निकालासाठी थांबलीच पाहिजे असं नाही.

महिना-दीड महिना काहीच कळलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. उत्तराची मुदत ३० दिवस असते. प्रश्न तीनच ठेवावेत : अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर कारणे दाखवा नोटीस कोणत्या तारखेला निघाली, सुनावणी कोणत्या तारखेला झाली, आणि झालेल्या हुकुमाची प्रत. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारलं तर ‘का’ ही माहिती नव्हे म्हणून अर्ज परत येतो.