लाइन गेली तरी खिडक्या जागेवर

सेशन रिस्टोरबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर परत चालू केला की उघडे प्रोग्राम अन् त्यांच्या खिडक्या परत जागेवर येणं, नेटवर जेवढं वाचलं ते सगळं शहरातल्या लोकांनी लिहिलं असावं असं मला वाटून राहते. सगळ्यांचा सल्ला एकच, लॉगआउट करताना 'सेव्ह सेशन'वर टिक करा, पुढच्या वेळी खिडक्या जशाच्या तशा. अरे बाप्पा, पण लॉगआउट करायला टाइम तर भेटला पाहिजे! मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, पावसाळ्यात वारं सुटलं की लाइन गेलीच समजा, यूपीएस टूं टूं करते अन् समोरचे काका म्हणतात, "भाऊ, तेवढा पीक विम्याचा फॉर्म होऊ दे नं." साध्या यूपीएसची यूएसबी केबल जोडलेली नसली तर कॉम्प्युटरला पत्ताच नसतो की आपण बॅटरीवर चाललो, तो आपला आरामात चालू, अन् मग एकदम बंद.

म्हणून मी लॉगआउटच्या भरवशावर राहतच नाही. एक्सएफसीई वापरतो, लिनक्सचा एक हलका डेस्कटॉप आहे, जुन्या ४ जीबीच्या मशीनवर तेच बरं चालते. सगळ्या खिडक्या मनासारख्या लावल्या की 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये जाऊन सेशन हातानं सेव्ह करायचं, अन् लॉगआउटला आपोआप सेव्ह होणारी टिक काढून टाकायची, नाहीतर संध्याकाळचा पसारा सकाळी परत समोर. केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही हाताने सेव्ह केलेलं सेशनच उघडायची सोय आहे. एकाच स्क्रीनवर आलटून पालटून दिसणारे तीन आभासी डेस्कटॉप ठेवतो, पहिल्यावर ब्राउझर, दुसऱ्यावर स्कॅनचं फोल्डर अन् फोटो लहान करायचं काम, तिसऱ्यावर लिब्रेऑफिस. कंट्रोल-ऑल्ट-बाण दाबला की इकडून तिकडं. कल्पना जुनीच आहे, झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९८६ सालीच 'रूम्स' नावानं असं करून पाहिलं होतं, विंडोजनं मात्र २०१५ ला विंडोज १० सोबत आणलं, एवढा उशीर काऊन केला देव जाणे.

पण यानं फक्त मांडणी परत येते. आतलं काम ज्या त्या प्रोग्रामनंच सांभाळायचं असते. फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी आपले टॅब लिहून ठेवते, म्हणून ते लाइन गेल्यावरही उठून बसते. लिब्रेऑफिसची ऑटोरिकव्हरी, म्हणजे काम आपोआप लिहून ठेवणं, १० मिनिटांवर असते, ती पहिले २ मिनिटांवर आणा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. पोर्टलचं लॉगिन मात्र तिकडच्या सर्व्हरवर असते, टॅब परत आला तरी ओटीपी नव्यानंच मागणार, तिथं डेस्कटॉप बिचारा काय करेल.

हायबरनेट करा म्हणतात काही जण. त्यात अख्खी रॅमच डिस्कवर उतरते, म्हणजे अर्धवट फॉर्मसकट सगळं, चांगलंच आहे, पण तेही लाइन जायच्या आत सांगावं लागते नं. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी कमी झाली की आपोआप व्हावं असं लावून ठेवावं, त्यांचं बरं आहे.

काही प्रोग्राम ऐकत नाहीत, कुठंही सेव्ह करा, पहिल्याच डेस्कटॉपवर येऊन बसतात. त्यांच्यासाठी डब्ल्यूएम-कंट्रोल कमांडची एक छोटी स्क्रिप्ट ठेवली, ती स्टार्टअपला चालते अन् खिडकीचं नाव पाहून तिला तिच्या डेस्कटॉपवर ढकलते. हे एक्स११ वरच होते, म्हणजे लिनक्समध्ये खिडक्या स्क्रीनवर दाखवायची जुनी पद्धत, वेलँड ही नवी. वेलँडमध्ये प्रोग्रामला आपली खिडकी स्क्रीनवर नेमकी कुठं आहे हेच सांगितलं जात नाही, सुरक्षेच्या दृष्टीनं ते ठीकच, पण माझ्या दुकानात तरी सध्या एक्स११ च राहील.