अगत्ती: पाण्यावर उतरल्यासारखा विमानतळ

कोचीचा किनारा मागे पडला की सव्वा-दीड तास खाली फक्त अरबी समुद्र. लोक पेंगायला लागतात. मग एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान उंची सोडायला घेतं आणि सगळी डोकी खिडक्यांकडे वळतात. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचं झाकलं जात नाही. आधी गडद निळं पाणी, मग प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, तिच्या आत लगूनचा, म्हणजे प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्याचा, हिरवट निळा रंग. विमान आणखी खाली येतं, पाणी जवळ येत राहतं, जमीन काही दिसत नाही. चाकं टेकली तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी डोळे घट्ट मिटले होते.

त्यांचं चुकलं नाही. अगत्ती हे लक्षद्वीपमधलं सात-एक किलोमीटर लांबीचं बेट, रुंदी कुठेही फारशी नाही. दक्षिणेकडे ते निमुळतं होत जातं आणि त्या शेपटीवरच धावपट्टी आहे. दोन्ही बाजूंना पाणी. विमानतळ १९८८ साली सुरू झाला. धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी हिच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे टेकल्याबरोबर वैमानिक ब्रेक तर लावतोच, शिवाय पंख्याच्या पात्यांचा कोन उलटवतो. तो मोठा घरघराट ऐकून घाबरू नका.

सामानाच्या वजनावरून इथे एवढी काटेकोर तपासणी का, हेही या १,२०० मीटरमुळेच कळतं. उन्हात हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते आणि धाव घ्यायला जास्त लांबी लागते. लांबी वाढवता येत नाही, मग वजन कमी करायचं. तेव्हा कपडे कमीच घ्या, लक्षद्वीपला लागतात तरी किती!

उतरल्यावर चालतच टर्मिनलमध्ये जायचं. इमारत छोटीशी, आणि खरं सांगायचं तर त्यात बघण्यासारखं काही नाही. या विमानतळाचे सुंदर फोटो आकाशातूनच काढलेले असतात. जमिनीवरून कुंपण आणि माड दिसतात, बस्स. भारतीय असलात तरी लक्षद्वीपचं परमिट लागतं. ते आधीच काढून ठेवायचं आणि इथे दाखवायचं. 'आपल्याच देशात परवाना कशाला?' असं कुरकुरणारे रांगेत होतेच. पण साडेसात हजारांच्या आसपास वस्तीचं बेट, गोड्या पाण्याची टंचाई. मला तरी ते पटलं.

धावपट्टी लांबवून मोठी विमानं आणायचा विचार जुना आहे. लांबवायची म्हणजे समुद्रात किंवा पलीकडच्या कल्पिट्टी या चिमुकल्या बेटाच्या दिशेने. ज्या प्रवाळासाठी माणसं येतात, त्यावरच भराव टाकायचा हा हिशेब मला जुळत नाही. स्थानिकांची बाजू अर्थात वेगळी असू शकते. आजारी माणसाला कोचीला न्यायचं तर विमानातल्या एकेका जागेची किंमत त्यांनाच ठाऊक.

पुढे बंगारम या जवळच्या बेटावर जाणार असाल तर होडीची वेळ विमानाशी जुळते का, हे आधी विचारून ठेवा. विमान उशिरा आलं आणि उजेड गेला, तर रात्र अगत्तीतच काढायची तयारी हवी.