लाइट गेली की

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी रात्रपाळी करून नुकतीच घरी टेकले होते. शाळेचं नाव काढल्यावर डोळ्यांपुढे इमारत आली नाही, फळाही आला नाही. कानात खटखट सुरू झाली.

आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांच्या शेड होत्या. एक-दोन नाहीत, गल्लीच्या गल्ली. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण ही स्मरणिका वाचणारी आजची मुलं कदाचित तो आवाज न ऐकताच मोठी होतायत. प्रार्थनेला उभं राहिलो की तो असायचा, शाळा सुटतानाही असायचा. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो, लाकडावर आपटतो, परत येतो. एका शेडमध्ये असे आठ-दहा माग. आत उभं राहिलं तर आवाज 90 डेसिबलच्या वर जातो, हे मी पुढे नर्सिंगला शिकले. तेव्हा एवढंच माहीत होतं की घरात सगळे ओरडून बोलतात, कारण नायना, म्हणजे आमचे वडील, दिवसभर तिथं उभे असतात.

मागच्या बाजूच्या खिडक्या म्हणून कायम बंद. आणि तरी शिक्षकांना घसा ताणावा लागायचा. आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असे. बाईंचं नाव मी लिहीत नाही. छापलेलं त्यांना आवडलं नसतं. 1981 ते 84 या वर्षांत आठवी ते दहावी केलेल्यांना नावाची गरजही नाही.

लाइट गेली की काय व्हायचं, ते मला लिहायचं आहे.

पहिल्यांदा पंखे मंद व्हायचे. मग एकेक माग थांबायचा, सगळे एकदम नाही. शेवटचा माग दोन-तीन ठोके जास्त घ्यायचा. आणि मग जी शांतता पडायची, ती कानांवर आदळायची. उकाडा वाढू लागला की बाई म्हणायच्या, "खिडक्या उघडा रे." वर्षभर बंद असलेल्या त्या खिडक्या करकरत उघडायच्या. सगळ्यांना वाटे, आता पुस्तक मिटणार, गोंधळ होणार. आठवीतल्या पहिल्या खेपेला झालाही. बाई खुर्चीवर बसल्या, तोंडावर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ऐका."

त्यांचा खरा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मऊ होता, थोडा बसका.

"काय बी ऐकू यिना की बाई," मागून एक पोरगा म्हणाला.

"येईल. प्रत्येकानं एक आवाज सांगायचा. दुसऱ्यानं सांगितलेला चालणार नाही."

पुढच्या बाकांवरच्यांनी सोपे सोपे घेऊन टाकले. कावळा. सायकलची घंटी. नळाखालची घागर. मागच्या बाकांवर पोचेपर्यंत सोपं काही उरायचं नाही, मग खरोखर कान द्यावा लागायचा. आमच्या वर्गात घरी मराठी बोलणारे अर्धेही नव्हते. कुणी कन्नड, कुणी उर्दू, आम्ही बरेच जण तेलुगू. आवाज ऐकू यायचा, पण त्याला मराठीत काय म्हणतात ते यायचं नाही. मग तोंडानं तसाच आवाज काढून दाखवायचा, किंवा घरचा शब्द सांगायचा. बाई तो आधी नीट उच्चारून बघायच्या, बरोबर आहे का विचारायच्या, आणि मग फळ्यावर मराठी शब्द लिहायच्या. भाकरी थापण्याची धपधप. बांगड्यांची किणकिण. वाळक्या पानांची सळसळ. घागरीतल्या पाण्याची डुबडुब. माझ्या मराठीतला अर्धा जिवंत भाग त्या फळ्यावरून आलेला आहे, हे मी अगदी मनापासून लिहिते. व्याकरण मला इतरांनी शिकवलं, त्यांचीही मी ऋणी आहे. पण कुठला शब्द कुठल्या आवाजातून जन्मला, हे लाइट गेल्यामुळे कळलं.

एकदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची सुट्टी संपून शाळा भरली होती. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, आम्ही सगळेच गेलो होतो. संमती कट्ट्यासमोर ती गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज, आणि क्षणात सगळीकडून उडालेल्या अक्षता. लाइट गेली, खिडक्या उघडल्या, वर्ग कान देऊन बसला, आणि माझ्या शेजारणीनं वही उघडली तसा एक दाणा बाकावर पडला. टप्. तीन दिवस दप्तरात राहिलेली अक्षत. एवढ्याशा दाण्याचा आवाज अख्ख्या वर्गानं ऐकला. बाईंनी फळ्यावर 'टप्' लिहिलं आणि तो दाणा मागून घेऊन आपल्या पुस्तकात ठेवला.

आता माझा आवाज सांगते. चाळीस वर्षं झाली, कुणाला सांगितला नाही.

शाळेच्या कुंपणाला लागूनच आमची गल्ली. आमची अम्मा विड्या वळायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका वळायच्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली पानं, दोरा. रोजच्या हजार विड्या पुऱ्या करून ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, द्यायच्या. तिथं छाट किती निघेल, म्हणजे किती विड्या नापास होतील, ही धास्ती. घरी मी तिला पाहिली ती मान खाली घातलेली. बोट थांबवलं तर हिशेब चुकायचा. रागावलेली नसायची, पण तिच्याकडे आम्हाला द्यायला चेहरा शिल्लक नसायचा.

नववीत एका दुपारी लाइट गेली. माझी पाळी येईपर्यंत सगळे आवाज संपले होते. मी डोळे मिटले. कुंपणापलीकडून पान कापण्याच्या कात्र्या ऐकू येत होत्या, त्यात बायकांचं बोलणं, आणि मग कुणीतरी हसलं. मोकळं, वर चढत जाणारं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं हसू. कुणाची तरी मस्करी चालली असावी. दुसऱ्यांदा हसू आलं तेव्हा मला कळलं, ही अम्मा आहे.

अम्माचं असं हसू मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. रोज दुपारी ती तशी हसत असणार, शेजारणींबरोबर, ओट्यावर, माझ्यापासून वीस पावलांवर. मधे फक्त मागांचा आवाज होता.

"तुझा?" बाईंनी विचारलं.

"कात्री," मी म्हणाले.

बाईंनी 'करकर' लिहिलं. पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

त्याच महिन्यात निबंध होता, 'माझा आनंदाचा क्षण'. मी लिहिलं की लाइट गेली की मला फार आनंद होतो. लिहिलं आणि लगेच काट मारली. कारण नायनांना मजुरी नगावर मिळायची. माग बंद म्हणजे चादर पुढं सरकत नाही, चादर नाही म्हणजे शनिवारी हातात कमी पैसे. लाइट गेल्यावर ते शेडबाहेर येऊन दगडावर बसायचे, भुवयांवर, कानांवर कापसाचं पांढरं तूस. मी शाळेतून धावत त्यांच्याकडे जायचे, कारण एरवी ते घरी येईपर्यंत मी झोपलेली असायची. ते डाव्या हाताने तूस झटकायचे आणि विचारायचे, "आज काय शिकलीस?" कधी जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राचे, पत्ते दाखवायचे. कुठल्या पत्त्याला कुठं भोक पडलंय, त्यावरून कुठला धागा वर उचलला जातो, आणि अशा शेकडो पत्त्यांतून चादरीवर मोर कसा उतरतो. ती दहा-पंधरा मिनिटं म्हणजे माझं नायनांबरोबरचं सगळं बालपण आहे. आणि त्यातल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे घरातून वजा होत होते. अम्माच्या हसण्याचंही तसंच. मग मला आनंद कसा काय झाला? मला स्वतःची लाज वाटली होती. त्या ओळींवर मी इतक्या काटा मारल्या की कागद फाटला. खाली जत्रेतल्या पाळण्याबद्दल काहीतरी लिहून दिलं.

वही परत आली तेव्हा पाळण्यावर बरोबरची खूण होती. समासात बाईंच्या बारीक अक्षरात होतं: "खोडलेलं वाचलं. ते खोडायचं नव्हतं."

एवढंच. त्यांनी मला बोलावून काही विचारलं नाही, वर्गात वाचून दाखवलं नाही. पण त्या पाच शब्दांनी मला जी मुभा दिली, ती मी आजवर वापरते आहे. सरकारी रुग्णालयात एवढी वर्षं काढली. तिथं कुणाचं तरी वाईट चालू असतानाच कुठलंतरी चांगलं घडत असतं. एका खाटेवर रडणं, शेजारच्या खाटेवरची म्हातारी नातवाच्या हातून पहिला घास घेते. आधी मला वाटायचं, त्या घासाकडे बघून हसणं बरं दिसत नाही. आता मी हसते. मुलांच्या वॉर्डात रात्री वीज गेली आणि जनरेटर लागायला वेळ झाला की पोरं घाबरतात. मी खाटेच्या कडेला बसते आणि म्हणते, "ऐका. एक एक आवाज सांगा." सलाइनचा थेंबसुद्धा ऐकू येतो म्हणणारा एक मुलगा होता. मला काही तो ऐकू आला नाही, पण मी मान्य केला.

बाई गेल्या. अम्माही गेली, नऊ वर्षं झाली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव सगळीकडे आहे, पण आमच्या गल्लीतल्या बहुतेक शेडना आता कुलूप आहे. माग भंगारात गेले, पोरं पुण्याला गेली. पूर्वी जी शांतता पंधरा मिनिटं मिळायची, ती आता दिवसभर असते, आणि ती मला आवडत नाही. आमच्या घराला लागून एकच शेड उरली आहे. ती सुरू झाली की मी हातातलं काम थांबवते. ज्या आवाजापासून सुटका हवी असायची, त्याच आवाजानं आता बरं वाटतं.

नायना 82 वर्षांचे आहेत. चाळीस-एक वर्षं मागावर उभं राहिल्यानं कान गेलेत. यंत्र लावून दिलं, ते काढून ठेवतात. पण रोज दुपारी ते त्या सामाईक भिंतीला टेकून बसतात आणि तळहात भिंतीवर ठेवतात. मला आधी वाटलं, आधारासाठी. मग एकदा ते आपणहून म्हणाले, "टॉवेल चाललाय. चादर न्हाई." मी शेजारी जाऊन बघून आले. टॉवेलच होता.

स्मरणिकेचा निरोप आला त्याच दिवशी दुपारी लाइट गेली. मी लिहायला बसले होते, पंखा थांबला म्हणून दार उघडलं. पलीकडचा माग दोन ठोके जास्त घेऊन थांबला. नायनांनी भिंतीवरचा हात काढला, मांडीवर पुसला, आणि शेजारची जागा थोपटली. मी जाऊन बसले.

"आज कोण बरं होऊन घरी गेलं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या समोर तोंड करून, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "बोरामणीची एक बाई. बाळ घेऊन."