अकरा पेनं आणि एक शिरोरेषा

मी मिरजेत राहतो आणि लाकडी पेनं बनवतो, म्हणजे पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे पण संध्याकाळी आणि रविवारी लेथवर असतो. लाकूड बाहेरून आणत नाही, सतारमेकर लोकांकडं खुंट्या काढून उरलेले शिसवीचे तुकडे मिळतात तेच घेतो. सतारीचं तूनचं लाकूडपण मिळतं पण ते पेनाला मऊ पडतं, खिशात किल्ल्या असल्या तर आठवड्यात चरे. तर तुकडा चौकोनी कापायचा, आरपार भोक पाडायचं, पितळी नळी चिकटवायची, लेथवर कातायचं, मग पॉलिश पेपर आणि वरून सुपरग्लूचे आठ-दहा थर. बाकी धातूचे पार्ट किटमध्ये येतात, पुढचा सेक्शन, टोपण, क्लिप, स्प्रिंग, आणि एक रिफिल. ही "आणि एक रिफिल" मी तीन वर्षं फुकट आलेली भेट समजून बसवत होतो.

मागच्या मे महिन्यात सांगलीच्या एका गृहस्थांची ऑर्डर आली. त्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन, पाहुण्यांना द्यायला ३५ रोलरबॉल पेनं. वडील हायस्कुलात मराठी शिकवायचे, म्हणून पेनं. मी जीव तोडून काम केलं, प्रत्येक पेनाची रेघ वेगळी, डबीत रेशमी कापड वगैरे. कार्यक्रम झाला, पैसे आले, मी फोटो स्टेटसला टाकले. नि पंधरा-वीस दिवसांनी त्या मुलाचा फोन, "बाबांनी बोलावलंय, रविवारी येऊन जा." मला वाटलं कौतुक करायला बोलावलंय, मी चक्क अर्धा किलो पेढे घेऊन गेलो.

सर खुर्चीत, समोर टेबलावर अकरा पेनं ओळीनं ठेवलेली आणि प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. "लिहीत नाही." "मधेच थांबतं." "दोन दिवस चाललं." एकावर फक्त "छे!" पाहुण्यांकडनं फोन आले तसे सरांनी गोळा करून घेतलेली.

"बस. पेन सुंदर आहे," सर म्हणाले. "पण लिहीत नाही ते पेन नव्हे, काडी. आता सांग, चूक कुणाची?"

मी लगेच म्हणालो, रिफिलची. कंपनीची. सर हसले, "वर्गात पण सगळे हेच म्हणायचे, शाई संपली सर." आणि मग आम्ही दोघं सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत ती अकरा पेनं घेऊन बसलो, मधे फक्त जेवायला उठलो, वहिनींनी दोनदा चहा दिला आणि दोनदा विचारलं की शस्त्रक्रिया कुठवर आली.

पहिल्या दोन पेनांनी तर माझी लाजच काढली. नव्या रिफिलच्या टोकाला मेणाचा बारीक ठिपका असतो, शाई वाटेत सुकू नये म्हणून. तो काढायचा असतो. ३५ पेनं रात्री जागून भरली त्यात दोघांचा तसाच राहिलेला. नखानं काढला, लगेच लिहायला लागली. सर काही बोलले नाहीत, नुसतं वहीत "२" लिहिलं आणि खाली रेघ मारली. ते जास्त लागलं.

पुढची पाच वेगळी. तोंडाशी शाई वाळून घट्ट, कोमट पाण्यात टोक जरा वेळ धरलं की दोन ओळी येतात आणि पुन्हा बंद. इथं जरा थांबून सांगतो कारण गोष्टीचं मूळ इथं आहे. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, ती उघडी राहिली तरी फारसं बिघडत नाही. रोलरबॉलची शाई पाण्याची, पातळ, म्हणून तर हात न दाबता पेन पळतं. जपानच्या ओहतो कंपनीनं १९६० च्या दशकात पाण्याच्या शाईचं बॉल असलेलं पहिलं पेन काढलं तेव्हापासून हा प्रकार आहे आणि तेव्हापासून त्याचं दुखणंही तेच आहे, पाणी उडून जातं. म्हणून टोपणाच्या आत एक छोटी प्लॅस्टिकची टोपी असते, ती टोकाला हवाबंद धरते. माझ्या पाच टोपणांत ती टोपीच नव्हती. या खेपेला किट स्वस्तातलं घेतलेलं, त्यात काही टोपणं आतून पोकळ आलेली, आणि मी बाहेरची चकाकी बघून खूश. म्हणजे रिफिल चांगली का वाईट हा प्रश्नच नव्हता, जगातली सगळ्यात भारी रिफिल घातली असती तरी आठवड्यात वाळली असती.

मग तीन पेनं अशी की टोपण चांगलं, मेण काढलेलं, तरी मधेच पांढरं. यातल्या रिफिली पारदर्शक होत्या म्हणून बरं झालं, उजेडात धरून बघितलं तर शाईच्या मधे हवेच्या फटी दिसत होत्या. ही जेलची शाई, किटमधल्या रिफिली कमी पडल्या म्हणून मी त्या तिघांत दुसऱ्या रिफिली घातलेल्या. जेलची गंमत अशी की ती नुसती असताना घट्ट असते, बॉल फिरला की पातळ होते. आणि मागं पारदर्शक ग्रीसचा एक गोळा असतो तो शाईच्या मागोमाग सरकत येतो. माझी पत्र्याची शेड मे महिन्यात किती तापते ते मिरजेत राहणाऱ्याला सांगायला नको, आणि डबा मी टोक वर करून ठेवलेला. पण नुसता तो दोष नसणार, कारण त्याच डब्यातल्या बाकीच्या चालल्या. त्यातली एक पाहुण्यांच्या नातवाच्या हातून टोकावर पडलेली असं नंतर कळलं. बॉल ज्या खोबणीत बसतो ती जराशी वाकली की खेळ खल्लास.

झाली दहा. अकरावं बघितलं तर ते छान लिहीत होतं!

चिठ्ठीवर लिहिलेलं "दुकानदाराने दुरुस्त केले". उघडलं तर आत कुठल्यातरी दहा रुपयांच्या पेनाची जेल रिफिल, लांबीला कमी पडली म्हणून मागच्या बाजूला एसटीच्या तिकिटाची गुंडाळी करून कोंबलेली. टोक जरा हलत होतं, पण लिहीत होतं. सर खूप वेळ ते उघडून बघत राहिले. म्हणाले, "या पाहुण्यांचं गाव आटपाडीकडं. तुझी रिफिल तिथं मिळत्ये का?"

नाही मिळत. सांगलीतही नाही मिळत, मी ऑनलाइन मागवतो. माझ्या किटला लागते ती युरोपियन साइजची, साधारण ११० मिमी लांब, जर्मनीच्या श्मिटची ५८८८ वगैरे त्यात बसते, एकीचे शंभराच्या वर जातात. लिहिते मात्र लोण्यासारखी. बरं, मागवतानाही गोंधळ, कारण जी-टू नावाच्या दोन रिफिली आहेत. आयएसओ १२७५७ मध्ये, म्हणजे रिफिलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात, जी-टू म्हणजे पार्कर टाइप, ९८ मिमी. आणि पायलटचं जे जी-टू नावाचं जेल पेन आहे त्याची रिफिल ११० च्या आसपास. एकदा मी "जी-टू, ५० नग" एवढंच लिहून पाठवलं आणि भलत्याच पन्नास रिफिली घरी आल्या, बायको अजून किराणाच्या यादीवर त्यांनीच लिहिते.

तर सरांनी मग परीक्षा घेतली. माझ्याकडं पिशवीत सात प्रकारच्या रिफिली होत्या, प्रत्येकीनं एकाच वहीत लिहून बघायचं. मी सवयीनं गोल गोल गिचमिड करायला लागलो, स्टेशनरीच्या दुकानात सगळे करतात तसं. सरांनी हात धरला. "हे काय? गिऱ्हाईक इंग्रजी लिहिणार आहे का मराठी? शब्द लिही आणि शिरोरेषा ओढ." लिहिलं, "सार्वजनिक वाचनालय", आणि वरून एका दमात रेघ ओढली. आणि खरंच की हो, गोल गिचमिडीत पास झालेल्या सातपैकी तीन रिफिली त्या रेघेवर तुटल्या. लांब, सरळ, भराभर ओढलेली रेघ, बॉलला एकाच दिशेनं पळावं लागतं, शाई मागून पोचली नाही की मधे पांढरी फट पडते. इतकी वर्षं मी परदेशी लोकांचे टेस्टचे व्हिडिओ बघत होतो, त्यांच्यात शिरोरेषा असायचं कारणच नाही.

मग पाण्याचा थेंब टाकून बघितलं, साध्या डायच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाया पसरल्या, पिगमेंटवाली, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची एक जागची हलली नाही. स्वस्तातल्या शंभर पानी वहीवर पातळ शाई मागच्या पानावर उतरली तेव्हा सरांनी पान उलटून नाक मुरडलं, ते रोजनिशी दोन्ही बाजूंनी लिहितात. शेवटी त्यांना स्वतःला आवडली ती श्मिटची कॅपलेस, पी८१२७, जी टोपण उघडं राहिलं तरी पटकन सुकत नाही. सर टोपण लावायचं विसरतात, हे वहिनींनी आतून ओरडून सांगितलं. पण ती ९८ मिमीची, पार्करच्या मापाची, म्हणजे माझ्या किटला चालणार नाही.

तेव्हापासून मी उलटं करतो. आधी गिऱ्हाइकाला विचारतो की तुमच्या गावात कुठली रिफिल मिळते, कुठलं पेन वापरता, टोपण लावता का, मग त्या रिफिलवरून किट ठरवतो आणि मग लाकूड. लोक वैतागतात, त्यांना लाकडाबद्दलच बोलायचं असतं. पार्कर टाइप रिफिल बहुतेक तालुक्याच्या गावात मिळून जाते म्हणून आता निम्मी पेनं टोपण नसलेली, फिरवून टोक बाहेर काढायची, त्याच मापाची बनवतो, ज्याला रोलरचा हात हवा त्याला कॅपलेस घालून देतो. टोपणाच्या पेनांसाठी सोनार वापरतात तसला छोटा वजनकाटा घेतला. रिफिल तोलायची, पेनात घालून टोपण लावून आठवडाभर ठेवायची, परत तोलायची. वजन उतरलं म्हणजे पाणी उडालं म्हणजे टोपण गळकं, ते किट बाद. वेळखाऊ आहे, पण पेढे घेऊन पुन्हा कुणाकडं जायचं नाहीये मला. आणि हो, पेनं डब्यात आडवी ठेवतो, शेडमध्ये नाही, घरात देवघराखालच्या कपाटात.

पस्तीसच्या पस्तीस पेनांची टोपणं तपासून दिली, बदलायला लागली ती पदरचे पैसे घालून. सरांसाठी एक फिरवायचं पेन वेगळं केलं, त्याच शिसवीचं, ते पैसे देत होते पण मी घेतले नाहीत. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो येतो, एक शब्द आणि वर शिरोरेषा, बाकी मजकूर नाही. मागच्या वेळचा शब्द होता "किंकर्तव्यविमूढ", रेघ अखंड.

आटपाडीकडच्या पाहुण्यांनाही मी नवीन रिफिल घालून पेन पाठवतो म्हटलं. ते म्हणाले राहू दे, आहे तसं परत पाठव, चालतंय. तिकीट तेवढं काढू नको.