दगड ठेवलेल्या बोअर

माण तालुक्यातल्या त्या गावात मी भूजलाच्या सर्व्हेला पोचलो, तेव्हा पाणाड्या आधीच रानात हिंडत होता. तळहातावर आडवा नारळ, अनवाणी पाय, मागे गावची माणसं. बांधाजवळ नारळ उभा राहिला आणि लगेच फक्की पडली. रान ज्यांचं, ते आबा मला म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन पण हितंच लावा. मेळ बसला की गाडी बोलवतो."

म्हटलं, लावू. पण आधी गावातल्या सगळ्या बोअर बघू.

पाण्याच्या बोअर दाखवायला जो तो पुढे. कोरड्यांचं विचारलं की "असंल एखादी". पण कोरडी बोअर लपत नाही. पोर पडू नये म्हणून केसिंगच्या तोंडावर दगड ठेवलेला असतो. आम्ही दगड शोधत फिरलो. गोठ्यामागे, डाळिंबाच्या बागेत, कडब्याच्या गंजीला लागून. एका दगडावर तर धुणं वाळत होतं. वहीत प्रत्येकीपुढे लिहिलं: पॉइंट कुणी दाखवला, किती फूट, पाणी लागलं का.

संध्याकाळी पारावर वही वाचली. नारळानं दाखवलेल्या निम्म्याहून जास्त कोरड्या. पोरं खिदळली, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खरी मेख पुढेच होती. काही बोअर कुणीच दाखवलेल्या नव्हत्या, पिकाची नासाडी न होता गाडी जिथं उभी राहिली तिथं पाडलेल्या. त्यांचा हिशेबही जवळपास तोच! आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये झिजलेल्या थरात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात पाणी असतं. मधला कातळ कोरडा ठणठणीत. त्यामुळे अंदाजपंचे पाडलेल्या बोअरलाही बऱ्याचदा पाणी लागतं, आणि तेवढ्यावर पाणाड्याचं नाव होतं.

1987-88 साली जर्मनीत म्युनिकजवळच्या कोठारात निवडक 43 पाणाड्यांच्या 843 चाचण्या झाल्या. खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावरून जागा सांगायची. नेमक्या उत्तरांचं कौतुक झालं. पुढे दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं चुकलेली उत्तरंही जमेस धरली, तेव्हा सगळं नशिबाच्या घरात बसलं. पारावर हे काही मी सांगितलं नाही. गावची वही पुरेशी होती.

पाणाड्या शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आन् सरकारी पॉइंट?" रास्त प्रश्न. हातपंपांची पानंही वाचली. बहुतेकांना पाणी, दोन कोरड्या. "बगा," तो म्हणाला. त्याही दोन्हींवर दगड होते.

दुसऱ्या दिवशी आबांच्या रानात चार सळया ठोकल्या. बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं, अंतर वाढवत खोलवरचा अंदाज घ्यायचा. फक्कीच्या जागी रोध, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा अडथळा, चढत गेला. म्हणजे अखंड कातळ. ओढ्याच्या अंगाला तो उतरला. उतरला म्हणजे पाणीच असं नाही, गेरूचा चिकट थरही असू शकतो. हे आबांना दोनदा सांगितलं. त्यांनी ओढ्याकडेला बोअर घेतली. बराच वेळ नुसता फुफाटा, मग चुरी ओली आली. दीड इंच पाणी.

आठवड्यानं आबांचा फोन. "साहेब, तुमच्या हाताला गुण हाय. मेव्हण्याच्या रानात येऊन नुसतं बोट दाखवा. मशीन नाय आणलं तरी चालंल."

म्हटलं, मेव्हण्यांच्या गावात दगड किती आहेत, तेवढे मोजून ठेवा.